चिरा तीन, आत काहीच नाही

ह्यूस्टनच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात 1990च्या दशकात दुर्बिणीच्या काही शस्त्रक्रिया अशा झाल्या, की ज्यांत गुडघ्याच्या आत काहीच गेलं नाही. रुग्णाला गुंगीचं औषध दिलं, गुडघ्यावर एकेक सेंटिमीटरच्या तीन चिरा दिल्या. सर्जन ब्रूस मोझली नेहमीसारखं एकेक हत्यार मागत होते, पाय वाकवत होते. आणि गुडघा धुतला जातोय असं वाटावं म्हणून सलाइनचं पाणी खळखळवलं जात होतं. या सगळ्या हकिकतीत मन पुन्हा पुन्हा अडतं ते या पाण्यापाशी. अर्धवट गुंगीतल्या माणसाच्या कानावर काय पडेल, इथवरचा विचार झाला होता. हा एक प्रयोग होता, यात फसवणूक नव्हती. आपल्या वाट्याला खोटी शस्त्रक्रियाही येऊ शकते, हे प्रत्येक रुग्णानं स्वतःच्या हातानं लिहून दिलं होतं. पात्र ठरलेल्या 324 जणांपैकी 144 जणांनी नकार दिला, 180 जण तयार झाले. काहींचा सांधा नुसता धुतला, काहींची झिजलेली कूर्चा तासून साफ केली, काहींना फक्त चिरा मिळाल्या. दोन वर्षं पाठपुरावा झाला आणि 2002 साली निष्कर्ष छापून आले: खऱ्या शस्त्रक्रियेनं दुखणं खोट्या शस्त्रक्रियेपेक्षा जास्त कमी झालं नव्हतं.

झिजलेल्या गुडघ्यात दुर्बीण घालण्याची घाई करू नये, असं ठामपणे म्हणावंसं वाटतं ते या पुराव्यामुळे. घाई होते, कारण दुर्बिणीतून बिघाड डोळ्यांना दिसतो. सांध्यातल्या गादीची (मेनिस्कसची) कड फाटलेली दिसते, लिगामेंटचे तंतू विसकटलेले दिसतात, आणि दुखण्याचं मूळ सापडलं असं डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही वाटतं. पण अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात पन्नाशीपुढच्या 991 जणांच्या गुडघ्यांचा एमआरआय काढला, तेव्हा ज्यांची गादी फाटलेली होती त्यांतल्या 61 टक्के लोकांना मागच्या महिनाभरात गुडघादुखी झालेलीच नव्हती. 61 टक्के! म्हणजे रिपोर्टावरची फाटलेली गादी दुखण्याचं कारण असेलच असं नाही. बऱ्याचदा ती वयाची खूण असते. विरलेल्या गोधडीचे लोंबते धागे कापले म्हणून तिची ऊब परत येत नाही.

ह्यूस्टनचे रुग्ण बहुतेक पुरुष होते, त्यांना झिजेचा संधिवात होता, आणि सर्जन एकच होता. निव्वळ फाटलेल्या गादीला तो निष्कर्ष का लावायचा, हा आक्षेप रास्तच होता. त्याचं उत्तर 2013 साली फिनलंडमधून आलं. तिथे पाच रुग्णालयांत 146 जण निवडले. वयं 35 ते 65, संधिवात नाही, गादी झिजून फाटलेली. खोट्या शस्त्रक्रियेच्या गटात पातं काढलेलं यंत्र बाहेरून गुडघ्याच्या वाटीवर दाबून धरलं, म्हणजे त्याची थरथरही जाणवावी. वर्षभरानं दोन्ही गट सारखेच होते. ‘पण आमच्या ओळखीतल्यांना बरं वाटलं’, असं लोक सांगतात. ते खोटं नाही. फिनलंडमध्ये दोन्ही गटांना बरं वाटलं होतं. माणूस डॉक्टरकडे जातो तो दुखणं कळसाला पोचल्यावर, आणि झिजेचं दुखणं आपसूकही ओसरतं.

खेळताना लिगामेंट तुटलेल्या तरुणाची गोष्ट वेगळी. गादीचा तुकडा अडकून सांधा खरोखर कुलूप लागल्यासारखा बंद पडला असेल, तर तीही वेगळी. झिजेनं पुढचं क्रूसिएट लिगामेंट फुगून गुडघा पुरता वाकत किंवा सरळ होत नसेल, तर निवडक रुग्णांत ते थोडं तासण्यात अर्थ असू शकतो. त्याचा आधार मात्र मुख्यतः लहान लहान रुग्णगटांच्या नोंदींचा आहे. बाकीच्यांसाठी 2017 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये तज्ज्ञांच्या गटानं दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेविरुद्ध स्पष्ट शिफारस केली. मग उरतो मांडीच्या स्नायूंचा व्यायाम आणि वजनावर ताबा. व्यायाम चिकाटीचं काम आहे, त्यानं सगळ्यांचं भागत नाही, हे मान्य करायलाच हवं. संधिवात आणि फाटलेली गादी दोन्ही असलेल्या 351 जणांच्या अमेरिकी अभ्यासात, व्यायामाच्या गटातल्या 30 टक्के लोकांनी सहा महिन्यांत शस्त्रक्रिया करून घेतली. उरलेल्यांनी तोवर ती करून घेतली नव्हती, आणि शस्त्रक्रियेच्या व व्यायामाच्या गटांची तुलना केली तर सहा महिन्यांनी चालण्या-फिरण्यात म्हणावा असा फरक नव्हता.