साथीची पेटी, आता एकटी!

धारणीत पियानो विरळाच. पण भजन म्हटलं की पेटी हवीच! हीसुद्धा परदेशी पाहुणी बरं का. १८४२ मध्ये पॅरिसच्या अलेक्झांद्र देबँ यांनी हार्मोनियमचं पेटंट घेतलं. आपल्याकडे ती संगीत नाटकांत रमली. ‘मानापमान’ला चाली देणारे गोविंदराव टेंबे ती स्वतंत्रपणेही वाजवत. पी. मधुकरांच्या पेटीतून तर नाट्यपद गायल्यासारखं उमटायचं.

पण पेटीवर मींड निघत नाही, असा आक्षेप होता. १९४० मध्ये आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली, ती सैल झाली १९७१ मध्ये. मैफलीत पेटी टिकली, पण बहुतेक साथीलाच. मधुकरांचे शिष्य, गोव्याचे पं. तुळशीदास बोरकर यांनी मात्र एकलवादन नेटाने चालवलं, शिष्य घडवले. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

मग आपल्या गॅदरिंगमध्ये पेटीवाला दरवेळी गायकाच्या मागेच का? एक जुनं नाट्यपद निवडा. आधी शब्द पाठ करा, गायक श्वास कुठे घेतो ते ऐका, मग बोटं फिरवा. स्टेजवर त्याला फक्त दहा मिनिटं द्या. कोणी वाजवलंच नाही, तर पुढचे ऐकणार कुठून?