रुग्णास धीर देणारी वास्तू

औषधोपचार हे डॉक्टरांचे काम. परंतु रुग्ण जेथे वाट पाहत बसतो, आपल्या माणसांशी बोलतो, ती जागाही त्याच्या मनावर बरावाईट परिणाम करीत असते. संस्थेच्या कार्यात इमारतीचा प्रश्न वारंवार येतो, म्हणून या विषयाची थोडी ओळख वाचकांस करून देत आहोत.

मॅगी केझिक जेन्क्स या स्कॉटिश बाई उद्यानकलेच्या जाणकार होत्या. १९९३ साली त्यांचा स्तनाचा कर्करोग उलटला. आयुष्य काही महिन्यांचेच उरले आहे, असे त्यांना सांगण्यात आले. आणि ही बातमी उरात घेऊन त्यांना बिनखिडकीच्या बोळात बसावे लागले. अशा घडीला माणसास बसावयास निराळी जागा हवी, हा ध्यास त्यांनी घेतला. १९९५ साली त्या वारल्या. पुढच्याच वर्षी एडिंबरोच्या एका रुग्णालयाच्या आवारातील जुन्या तबेल्यात पहिले ‘मॅगीज’ केंद्र उघडले. आज ब्रिटनमध्ये अशी वीसहून अधिक केंद्रे आहेत. तेथे औषध मिळत नाही. सल्ला व सोबत मिळते, तीही विनामूल्य.

या केंद्रांची रचना पाहण्याजोगी आहे. आत जाताच नाव विचारणारे टेबल नाही. मध्यभागी स्वयंपाकघर व मोठे मेज. ज्याने त्याने आपला चहा करून घ्यावा. बोलावेसे वाटले तर बोलावे, नाहीतर कप हाती धरून नुसते बसावे. खिडक्यांतून बाग दिसते. दार लावून बोलण्यास लहान खोल्या आहेत, आणि कोणाच्या नजरेस न पडता रडता येईल असे स्वच्छतागृहही.

हे केवळ हौसेचे नव्हे. १९८४ साली रॉजर उलरिच यांनी अमेरिकेतील पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेचे ४६ रुग्ण अभ्यासले. निम्म्यांच्या खिडकीतून झाडे दिसत, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे रुग्ण लवकर घरी गेले व त्यांना वेदनाशामक तीव्र औषधेही कमी लागली.

वास्तूने कर्करोग बरा होत नाही. एकटेपणा मात्र हलका होतो. मुंबईस टाटा रुग्णालयात जाणाऱ्या गरीब कुटुंबांना दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आसरा देते, तिचे मोल ज्याने अनुभवले त्यालाच कळते. संस्थेने पुढेमागे रुग्णांसाठी खोल्या बांधल्या, तर संगमरवरावरील खर्च थोडा आवरून खिडकीशी एक बाक, सर्वांना खुली चूल, अंगणात एक झाड आणि दार लावता येईल अशी एक खोली आधी करावी, एवढीच आमची विनंती.