क्षणात निवड करणारी चिप आणि आपली मुले

गेल्या वर्षावासात विहारात वंदना आटोपल्यावर इलेक्ट्रॉनिक्सच्या पदविकेला शिकणाऱ्या एका मुलीने विचारले, "काका, एफपीजीए शिकू, की बाबा म्हणतात तशी क्लार्कची परीक्षा देऊ?" मी पडलो बी. कॉम. झालेला कारकून! हे नावच प्रथम ऐकले. तिला उत्तर द्यायचे म्हणून विचारपूस केली, वाचले. उमगले ते वाचकांपुढे ठेवतो.

साधी चिप कारखान्यातून बाहेर पडते तेव्हाच तिचे काम ठरलेले असते. एफपीजीए तशी नाही. तिच्यात तर्काची असंख्य छोटी घरे आणि त्यांना जोडणारे तारांचे जाळे असते. कोणते घर कोणाला जोडायचे, हे व्हीएचडीएल किंवा व्हेरिलॉग या भाषांत लिहून चिपमध्ये भरतात. काम बदलले तर चिप तीच, जोडणी नवी. झायलिंक्स कंपनीने १९८५ साली अशी पहिली चिप बाजारात आणली, तेव्हा तिच्यात अशी ६४ घरे होती.

हिचा मोठा उपयोग जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत होतो. तिथे जमिनीखाली २७ किलोमीटर घेराच्या बोगद्यात प्रोटॉनचे झोत एकमेकांवर सोडतात. झोतांची गाठ सेकंदाला ४ कोटी वेळा पडू शकते. एवढी सगळी नोंद ठेवणे अशक्य. म्हणून सीएमएस नावाच्या प्रयोगात पहिली चाळणी या चिपा लावतात. सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी जेमतेम चार भागांत निर्णय होतो आणि सुमारे १ लाख नोंदी पुढे जातात. त्यांतून संगणक मोजक्याच नोंदी ठेवतात.

आम्हा कारकुनांच्या भाषेत हा आवक टेबलच. फरक एवढाच, की इथे एक कारकून एकेक टपाल उघडत नाही, हजारो हात एकाच वेळी चालतात आणि प्रत्येकाची वेळ बांधलेली असते. साध्या संगणकाला ही हमी देता येत नाही.

यात महाराष्ट्रही आहे. १९४५ साली स्थापन झालेली मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था सीएमएसमध्ये सहभागी आहे. त्या यंत्राचा बाहेरचा एक मोजणी-थर उभारण्यात तिचा मोठा वाटा आहे. ४ जुलै २०१२ रोजी हिग्ज कणाचा शोध जाहीर झाला, त्यात सीएमएस होते.

मला मात्र वेगळीच गोष्ट भिडली. दारातच जे नाकारले गेले, ते कायमचे गेले. नियम चुकला तर नवा शोधही कचऱ्यात जाईल. म्हणून शास्त्रज्ञ काही नोंदी निवड न करताच ठेवतात आणि आपला नियम तपासतात. चूक दिसली तर चिपमधली जोडणी बदलतात. दारातून परत पाठवले जाणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला सांगायला नको. नियम माणसेच लिहितात. म्हणून ते लिहिणाऱ्यांत आपली मुलेमुली हवीत.

बाबासाहेबांनी हे केव्हाच ओळखले होते. १९४२ साली व्हाइसरॉयांना दिलेल्या निवेदनात त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांना विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी देशात आणि परदेशात शिष्यवृत्त्या मागितल्या. १९५० साली याच शहरात महाविद्यालय काढले, तेच आपले मिलिंद.

पालकांनो, इलेक्ट्रॉनिक्सची रचना शिकवणारी केंद्र सरकारची नायलिट संस्था आपल्या विद्यापीठाच्या आवारातच आहे. तिथे जाऊन अभ्यासक्रम आणि फी-सवलतीची चौकशी करा. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती व स्वाधार योजनेचे अर्ज मुदतीत भरा. कागदपत्रे अडली तर आम्हा कारकुनांना हाक मारा, तेवढे आम्हाला नक्की येते.

त्या मुलीला मी सांगितले, "पोरी, क्लार्कची परीक्षा वाईट नाही, माझे घर तिच्यावरच चालले. पण तू आधी हे शीक. बाबांशी मी बोलतो." आणि बोललोही. जयभीम!