पत्ता न लागलेली टक्कर
लहरींचा माग : लेखांक ४

२५ एप्रिल २०१९ रोजी दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळल्याची वर्दी पृथ्वीवर पोहोचली. टक्कर झाली होती सुमारे पन्नास कोटी वर्षांपूर्वी. अमेरिकेत लुइझियानातल्या लिव्हिंग्स्टनच्या लायगो शोधकाने ती स्पष्ट टिपली. पण वॉशिंग्टन राज्यातल्या हॅनफर्डचा शोधक नेमका त्या वेळी बंद होता, आणि इटलीतल्या व्हर्गोपर्यंत पोहोचलेला संकेत फारच क्षीण होता. टक्कर कुठे झाली असावी याचा हिशेब मांडला, तेव्हा टापू निघाला ८,००० चौरस अंशांहून मोठा, म्हणजे जवळजवळ एक पंचमांश आकाश. जगभरच्या दुर्बिणी रात्रीमागून रात्री शोधत राहिल्या. त्या टक्करीचा उजेड कुणालाही सापडला नाही.

गुरुत्वीय लहर आली की चार किलोमीटर लांबीच्या भुजांमध्ये प्रोटॉनच्या व्यासाहूनही कितीतरी सूक्ष्म फरक पडतो आणि तो कसा मोजतात, हे आपण गेल्या आठवड्यात पाहिलं. लहर सापडली म्हणजे ती कुठून आली हे कळलं असं मात्र होत नाही.

दुर्बीण जिकडे रोखू तिकडचंच दाखवते. लायगोचा शोधक एकाच वेळी जवळजवळ सगळ्या आकाशाकडे कान लावून असतो. पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूने, पोटातून आरपार आलेली लहरही त्याला कळते. म्हणूनच एकट्याला दिशा सांगता येत नाही. आवाज कुठल्या बाजूने आला हे आपल्याला कळतं, ते दोन कानांत तो किंचित मागेपुढे पोहोचतो म्हणून. इथेही तसंच. हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन यांच्यात सरळ रेषेत सुमारे ३,००० किलोमीटर अंतर आहे. प्रकाशाच्या वेगाने जाणारी लहर ते फार तर १० मिलिसेकंदांत कापते. दोन्हीकडच्या वेळांतला फरक मोजला की लहरीचा कोन कळतो, पण त्या कोनात बसणाऱ्या सगळ्या जागा मिळून आकाशात एक कडं तयार होतं. तिसरा शोधक असला तर आणखी कडी मिळतात आणि ती जिथे एकमेकांना छेदतात तेवढेच तुकडे तपासायचे उरतात.

१७ ऑगस्ट २०१७ ला हे साधलं होतं. लहर आधी व्हर्गोवर आली, २२ मिलिसेकंदांनी लिव्हिंग्स्टनला, आणखी तीन मिलिसेकंदांनी हॅनफर्डला. व्हर्गोत ती जेमतेम उमटली, कारण ती त्याच्या आंधळ्या कोपऱ्याजवळून आली होती. पण बाकी दोन्ही शोधक जागे असल्यामुळे या क्षीणपणातूनही दिशाच कळली. टापू उरला सुमारे ३० चौरस अंशांचा. अकराएक तासांत चिलीमधल्या एका दुर्बिणीला एनजीसी ४९९३ या आकाशगंगेत नवा ठिपका दिसला. सोन्यासारखी जड मूलद्रव्यं अशा टक्करींत घडतात, याचा भक्कम पुरावा त्या उजेडातून मिळाला. पुढे त्याच घटनेचा रेडिओ प्रकाश आपल्या नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीनेही टिपला.

दोन टक्करी, दोन्ही न्यूट्रॉन ताऱ्यांच्या. २०१९ ची दूर होती, तिचा उजेड मंद असणार हे खरंच; पण पाहायचं कुठे हेच माहीत नसेल, तर मोठ्यात मोठी दुर्बीणही काय करणार?

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभ्या राहायच्या लायगो-इंडियाचं महत्त्व इथे आहे. अमेरिकेच्या मूळ आराखड्यात सुधारित लायगोचे दोन शोधक हॅनफर्डलाच बसायचे होते. पण एकाच आवारातल्या दोन शोधकांमध्ये वेळेचा फरक पडत नाही, मग दिशा कशी मिळणार? म्हणून त्यांतल्या एकाची यंत्रसामग्री भारताला द्यायचं ठरलं. वैज्ञानिकांनी आपल्या दारातलं यंत्र पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला पाठवायला तयार व्हावं, हा मला या साऱ्या प्रकल्पातला सर्वांत सुंदर निर्णय वाटतो. औंढ्यापासून हॅनफर्ड किंवा लिव्हिंग्स्टनपर्यंतचं अंतर त्या दोघांमधल्या अंतराच्या तिपटीहून अधिक आहे. अंतर जितकं मोठं, तितकं कडं बारीक. जपानमध्ये काग्रा हा शोधक आहे, पण त्याची संवेदनक्षमता अजून बरीच कमी आहे.

जागा निवडताना जमिनीचा शांतपणा पाहिला गेला. समुद्राच्या लाटांनी किनाऱ्यापासून खूप आतपर्यंत जमीन सतत हलकेच थरथरते; रेल्वे, अवजड वाहनं, खाणीतले स्फोट यांचाही त्रास होतो. लिव्हिंग्स्टनला आसपासची झाडतोडही मोजमापात घुसते. मराठवाड्याचा हा भाग समुद्रापासून दूर आणि वर्दळ कमी असलेला.

पहिल्या लहरीची घोषणा ११ फेब्रुवारी २०१६ ला झाली आणि सहाच दिवसांत केंद्रीय मंत्रिमंडळाने लायगो-इंडियाला तत्त्वतः मान्यता दिली. सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी मिळायला मात्र एप्रिल २०२३ उजाडलं. ही सात वर्षं मला अजून टोचतात, कारण २०१९ ची ती टक्कर या सात वर्षांच्या आतलीच. मान्यतेनंतर लगेच कामाला लागलो असतो, तरी तोवर यंत्र सुरू झालं नसतं, हे मान्य. पण प्रत्येक शोधक अधूनमधून बंद ठेवावाच लागतो, आणि औंढ्याचं यंत्र येईपर्यंत एक जरी बंद पडला तरी अशी लहर पुन्हा पत्त्याविना निघून जाऊ शकते.

ही लहर गोंगाटातून ओळखायची कशी, यावर पुण्याच्या आयुका या संस्थेत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी पायाभूत काम केलं होतं. त्यांची पद्धत पुढच्या आठवड्यात समजून घेऊ.