तिशीनंतरचा विद्यार्थी

डब्लिनच्या डॉमिनिक स्ट्रीटवर सेंट सेव्हियर्स हे डॉमिनिकन संघाचं चर्च आहे, १८६१ साली उघडलेलं. दारावरून ल्युआस ट्राम जाते. आत संध्याप्रार्थना सुरू झाली, की पांढऱ्या झग्यातले संघबंधू दोन रांगांत समोरासमोर बसतात. स्तोत्राचं एक कडवं या रांगेनं म्हणायचं, पुढचं समोरच्या रांगेनं. कुणाचाही आवाज इतरांच्या वर जाऊ द्यायचा नाही. स्तोत्र संपताना पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याचा गौरव सुरू झाला, की सगळे कमरेत वाकतात. माझं लक्ष नेहमी नव्यानं आलेल्याकडे जातं. तो क्षणभर उशिरा वाकतो, त्याचं पान चुकतं. शेजारचा काही न बोलता पुस्तकावर बोट ठेवून ओळ दाखवतो.

याच चर्चमध्ये ८ जुलै २०१७ रोजी माजी फुटबॉलपटू फिलिप मलराइन यांना गुरुदीक्षा, म्हणजे धर्मगुरूपदाची दीक्षा, मिळाली. तेव्हा ते ३९ वर्षांचे होते. बेलफास्टचा हा मुलगा किशोरवयातच मँचेस्टर युनायटेडमध्ये गेला. १९९५ साली एफए यूथ कप जिंकणाऱ्या संघात तो होता. मुख्य संघात मात्र मोजकेच सामने वाट्याला आले आणि १९९९ मध्ये तो नॉर्विच सिटीकडे गेला. तिथे पायाचं हाड मोडलं, त्यातून तो उभा राहिला आणि २००४ मध्ये संघाबरोबर प्रीमियर लीगमध्ये पोचला. उत्तर आयर्लंडकडून तो २७ सामने खेळला. पैसा होता, नाव होतं, तरी आत काहीतरी रिकामं वाटत होतं, असं त्यांनी पुढे मुलाखतींत सांगितलं आहे.

वर्तमानपत्रांना यातली दोन टोकं आवडतात: लाल जर्सी आणि पांढरा झगा. मला मधली आठ वर्षं महत्त्वाची वाटतात. २००९ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, त्यांनी धर्मगुरू होण्याचं शिक्षण सुरू केलं. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात तत्त्वज्ञान, रोमच्या ग्रेगोरियन विद्यापीठात धर्मशास्त्र. २०१२ मध्ये ते डॉमिनिकन संघात दाखल झाले आणि पुन्हा पहिल्या पायरीवर आले. संघाच्या रीतीनुसार आधी वर्षभर उमेदवारी, मग तात्पुरतं व्रत, काही वर्षांनी कायमचं व्रत. व्रत घेणारा आपले जोडलेले हात वरिष्ठांच्या हातांत ठेवतो. तोंडानं उच्चार होतो तो फक्त आज्ञापालनाचा. निर्धनता आणि ब्रह्मचर्य त्यातच आले. ज्याचं नाव हजारोंनी मैदानात पुकारलं होतं, त्याला इथे वयानं लहान सोबत्यांच्या शेजारी बसून धडे गिरवावे लागतात. माझ्या मते सगळ्यात मोठं धाडस ते आहे.

गुरुदीक्षेच्या विधीत दीक्षार्थी वेदीसमोर पालथा पडतो आणि संतांची नामावळी गायली जाते. मग बिशप आणि त्यांच्यामागून हजर असलेले सगळे धर्मगुरू एकेक करून त्याच्या डोक्यावर हात ठेवतात. एक शब्दही न बोलता.

पुढे फादर मलराइन किल्डेअर परगण्यातल्या न्यूब्रिज कॉलेजमध्ये चॅप्लेन झाले. कॉलेज म्हटलं तरी ती माध्यमिक शाळा, लिफी नदीच्या काठी डॉमिनिकनांनी १८५२ मध्ये काढलेली. चॅप्लेन काय करतो, ते मला माझ्या मुलीच्या इथल्या आयरिश शाळेमुळे जवळून कळलं. धर्मशिक्षणाचे तास आणि शाळेची मिस्सा ही त्याची नेमून दिलेली कामं. खरं काम कॉरिडॉरमध्ये चालतं. मधल्या सुट्टीत कोण एकटं उभं आहे, कुणाच्या घरी आजारपण आहे, कुणाला संघातून वगळलंय, हे त्याला ठाऊक असावं लागतं. नोव्हेंबर हा इथे मृतांच्या स्मरणाचा महिना. मुलं आपल्या गेलेल्या माणसांची नावं चिठ्ठीवर लिहून देतात. माझ्या मुलीनं तिच्या आजीचं नाव दिलं, तेव्हा चॅप्लेननं तिला बोलावून ‘इंदुमती’ कसं म्हणायचं ते विचारलं आणि येईपर्यंत म्हणून पाहिलं. आम्ही हिंदू, तरी तिची आजी त्या यादीत आली. इथे चांगलं प्रवचन देता येणं पुरत नाही, आधी ऐकता यावं लागतं. आणि स्वतः हरलेला, वगळला गेलेला माणूस संघातून नाव कटलेल्या मुलाचं ऐकायला बसला, तर त्याला फारसं समजावून सांगावं लागत नाही.

मी मूळची नागपूरची. सेमिनरी हिल्स हे नाव ज्या सेंट चार्ल्स सेमिनरीवरून पडलं, तिथे शिकवण्यासाठी १९५९ मध्ये आयर्लंडचेच डॉमिनिकन आले होते. मोठ्या वयातही हिंदी-मराठी गिरवणाऱ्या माणसांची ही परंपरा आमच्या गावानंही पाहिली आहे.

फुटबॉलपटूची कारकीर्द तिशी-पस्तिशीत संपते. अर्धं आयुष्य तर पुढेच असतं. चेंडूच्या मागे धावताना ज्याचं शिक्षण अर्धवट सुटलं, त्यानं त्या आयुष्याचं काय करायचं? मलराइन यांना उत्तर चर्चमध्ये मिळालं. दुसऱ्या कुणाला ते आयटीआयमध्ये, शेतीत किंवा विद्यापीठात मिळेल. मार्ग कोणताही असो, मोठ्या माणसाला न लाजता पुन्हा शिकू देणारी जागा, चूक दाखवणारा शेजारी आणि घाई न करणारी काही वर्षं लागतातच. निवृत्त खेळाडूचा आपण सत्कार करतो, तो जरूर करावा. पण शाल-श्रीफळासोबत त्याला वर्गातला एक बाकही द्यावा. उरलेलं आयुष्य तिथून सुरू होऊ शकतं.