बार तापतो, चेन झिजते : दोष कुठे शोधावा?



बांधावरची बाभूळ किंवा वादळात आडवा झालेला लिंब कापायला आता नांदेड-लातूरकडे चेनसॉ मशीन सर्रास वापरतात. पण घटकाभर काम झाले, की बार तापतो, धूर निघतो, चेन ढिली पडते. मग नवी चेन आणली जाते. थोड्याच दिवसांत तिचीही तीच गत! बार तापणे हे लक्षण आहे. रोग दुसरीकडे असतो. म्हणून मशीन क्रमाने तपासावे.

पहिले वंगण. बैलगाडीचा आख कोरडा राहिला तर काय होते, हे आपणांस सांगायला नको. बारचे टोक उजळ फळीसमोर वीतभर अंतरावर धरून रेस द्यावी. फळीवर ऑइलची रेघ उमटली पाहिजे. नाही उमटली तर टाकी पाहावी. मग मशीन बंद करून बारचे छिद्र व खाच यांतला भुसा काढावा. जळके ऑइल घालू नये. त्यातील कचरा पंप आणि बार दोन्ही खातो.

दुसरे ताण. मशीन बंद व गार असताना, हातमोजा घालून चेन ओढावी. ती बारखाली लोंबू नये, तरी हाताने सहज फिरावी. गरमपणी आवळलेली चेन गार झाली की आखडते आणि बेअरिंगवर ताण येतो. म्हणून काम संपताच ती सैल करावी.

तिसरे धार. ढलप्यांऐवजी पिठासारखा भुसा पडला, मशीन दाबावे लागले, म्हणजे दात बोथट झाले. बुडाशी कापताना चेन मातीत गेली की धार गेलीच. कानशीचे हात प्रत्येक दाताला सारखेच द्यावेत, नाहीतर काप वाकडा जातो. या दातांची कल्पना एका अळीची बरे का! अमेरिकेतील जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याला १९४६ साली लाकूड पोखरणारी अळी दिसली. ती जबड्याने डावी-उजवीकडे लाकूड कापत होती. त्यावरून त्याने चेनचे दात घडवले.

चौथे झीज. बार अधूनमधून उलटून बसवावा, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात. मागचे स्प्रॉकेट झिजले असेल तर नवी चेनही टिकत नाही. आधी ते बदलावे.

हा प्रश्न केवळ पैशाचा नाही. झिजलेली चेन तुटली तर चाबकासारखी माणसाच्या अंगावर येते. कामाआधी दहा मिनिटे तपासणीला द्या. चेनही वाचेल, हातही वाचेल.