वारा अडवला की बर्फ साचतो! अंटार्क्टिकातल्या इमारती खांबांवर का उभ्या असतात?

ठाणे जिल्ह्यातल्या धसईसारख्या भातशेतीच्या गावात खळ्यावर भात उफणताना भरलेला दाणा जवळच पडतो आणि हलका भुसा वाऱ्यासोबत उडून जातो. हा भुसा शेवटी साचतो कुठे? जिथे वारा मंदावतो तिथे, म्हणजे घराच्या किंवा कुडाच्या आडोशाला. अंटार्क्टिकात भुशाच्या जागी बर्फ असतो आणि तिथे हाच आडोसा अख्खी इमारत गिळू शकतो.

पहिल्या केंद्राचं काय झालं?

भारताचं पहिलं केंद्र 'दक्षिण गंगोत्री' 1983-84 मध्ये तिसऱ्या मोहिमेत उभं राहिलं. ते खडकावर नव्हे, बर्फाच्या थरावर होतं. साचत गेलेल्या बर्फाखाली ते हळूहळू गाडलं गेलं आणि 1990 मध्ये बंद करावं लागलं. त्याआधीच खडकाळ जमिनीवर 'मैत्री' केंद्र उभं राहिलं होतं.

इमारतीमुळे वारा कसा बदलतो?

वारा भिंतीवर आदळला की वर आणि बाजूंना वळतो. कोपऱ्यांवर त्याचा वेग वाढतो आणि तिथला बर्फ खरवडला जातो. इमारतीच्या मागे मात्र वारा मंदावून गरगरतो आणि सोबत आणलेला बर्फ तिथेच टाकतो. ढीग वाढला की तो स्वतःच नवा अडथळा बनतो.

मग कुंपण कशासाठी?

बर्फ दारापर्यंत येण्याआधीच दूर पाडण्यासाठी. पण हे कुंपण भरीव नसतं. भरीव भिंतीमागे मोठे भोवरे तयार होतात आणि ढीग तिच्या जवळच साचतो. न सारवलेल्या कारवीच्या कुडासारख्या फटी ठेवल्या, तर थोडा वारा आरपार जातो, वेग सावकाश कमी होतो आणि बर्फ लांबवर पसरून पडतो. निम्मं पोकळ असलेल्या कुंपणामागचा ढीग उंचीच्या 30 पटींहून लांब पसरू शकतो. म्हणूनच कुंपण इमारतीला चिकटून लावलं, तर संरक्षणाऐवजी संकटच ओढवतं.

सगळ्यात चांगला उपाय?

वाऱ्याला खालून वाट देणं. 2012 मध्ये सुरू झालेलं भारताचं 'भारती' केंद्र 134 कंटेनरांचं असून खांबांवर उभं आहे. खालून वाहणारा वारा बर्फ सोबत घेऊन पुढे जातो. ब्रिटनच्या 'हॅली 6' केंद्राला तर वर उचलता येणारे पाय आहेत. भारताच्या या मोहिमांचं काम गोव्यातल्या वास्कोमधून, राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून चालतं.

हवामानाच्या नोंदींनाही हाच धोका असतो. इमारतीच्या आडोशाला ठेवलेलं यंत्र खऱ्या वाऱ्याऐवजी इमारतीने बदललेला वारा मोजतं. म्हणून वारा मोजणारं यंत्र 10 मीटर उंचीवर आणि जवळच्या अडथळ्याच्या उंचीच्या किमान 10 पट दूर असावं, असा जागतिक नियम आहे. हा नियम अंटार्क्टिकाइतकाच मुरबाडलाही लागू पडतो.